मुक्या पाढ्यांचा वर्ग

बापूसाहेब त्या मुलाला घेऊन शाळेच्या पडवीत चढले, तेव्हाच अनसूयाबाईंनी ओळखलं की हे काहीतरी आपल्या मुळावर येणार. बापूसाहेब म्हणजे शाळेच्या मंडळाचे चिटणीस. राहणं सिविल लाइंसमध्ये, नोकरी तिथल्याच सरकारी कचेरीत, आणि शाळा मात्र फॅक्टरीच्या कामगारांच्या लाइनीत, पार दुसऱ्या टोकाला. शाळेवर त्यांचं फार प्रेम. म्हणून ते वर्षातून दोनदा यायचे, गणपतीत आणि गॅदरिंगला, भाषण ठोकायचे, पेढा तोंडात टाकायचे आणि टांगा सोडला नसेल तर त्याच टांग्याने परत जायचे. आज गणपती नव्हता, गॅदरिंग नव्हतं, आणि टांगेवाल्याला त्यांनी पैसे देऊन पाठवून दिलं होतं.

"हा आमचा अच्युत," बापूसाहेब म्हणाले. "बहिणीचा मुलगा. नागपूरला बी.ए. झाला. आता इथल्या ट्रेनिंग कॉलेजात बी.टी.ला जाईन म्हणतो. मी म्हटलं, बाबा, आधी वर्गात उभा राहून बघ. पोरांचा अनुभव घे. आवडलं तर पुढचं."

अच्युतने हात जोडले. पायात बूट, बुटात मोजे, मोज्यांना वर पट्टे. सप्टेंबरातल्या जबलपुरात मोजे. बाईंनी त्या मोज्यांकडे बघितलं आणि त्यांचं मत होऊन गेलं. पहिल्या नजरेत न आवडलेलं माणूस पुढे हळूहळू आवडायला लागावं, असला नाजूकपणा त्यांच्या स्वभावात नव्हता.

म्हणे अनुभव घे. ग्वारीघाटावर नदीत पायाचा अंगठा बुडवून पाणी गार आहे का बघतात, तसा हा पोरांमध्ये अंगठा बुडवायला आलेला. गार लागलं तर काढून घेईल, मामाचा टांगा आहेच. अनसूयाबाईंना कोणी विचारलं नव्हतं, बाई, तुम्हाला आवडतंय का म्हणून.

मुलाला वर्गात पाठवून बापूसाहेबांनी बाईंना पडवीच्या कोपऱ्यात घेतलं. "स्पष्टच सांगतो, बाई. सरकारी ग्रँट हवी तर ग्रॅज्युएट माणूस दाखवावा लागतो. तुम्ही मराठी सातवी. तुमचा काही दोष नाही त्यात. पण मुलाला आवडलं, तर दिवाळीनंतर हा वर्ग त्याचा. तुम्हाला काय चिंता, भावाचं घर आहे ओमतीला. बाईमाणसाने किती दिवस एकटं राहायचं?"

काळजी वाहायची असली की बापूसाहेबांचा आवाज असा तूप लावल्यासारखा व्हायचा. बाई म्हणाल्या, "बरं."

ओमतीचं घर. तिथे बाईंनी विधवा झाल्यापासूनची सगळी उमेदीची वर्षं काढली होती. छळ म्हणावा असं काही नव्हतं हो तिथे. भाऊ विष्णू रेल्वेत कारकून, पापभीरू. त्याची बायको सत्यभामा, तीही कधी वेडंवाकडं बोलली नाही. ती फक्त पाहुण्यांना सांगायची, "ह्या आमच्याकडे असतात." नाव नाही, नातं नाही. असतात. जात्यासारख्या, पाटावरवंट्यासारख्या. त्या घरात बाईंना दाराला आतून कडी लावता येईल अशी एक जागा नव्हती, न्हाणीघर सोडून.

मग लढाई सुरू झाली आणि फॅक्टरीत माणसं कमी पडायला लागली. शाळेचा मास्तर होता, तो एका सकाळी खडू टाकून फॅक्टरीत भरती झाला. तिथे पगार दुप्पट आणि ओव्हरटाइम वेगळा. मंडळाला माणूस मिळेना, तेव्हा कोणाला तरी अनसूयाबाईंची आठवण झाली. वर्ग मिळाला आणि वर्गामागची खोली मिळाली. चूल, खिडकी, खुंटी, आणि दाराला आतून कडी. पहिल्या दिवशी बाईंनी ती कडी काही कारण नसताना लावून काढली, काढून लावली. हिटलरचं वाईट व्हावं असं सगळे म्हणायचे, बाईही म्हणायच्या, पण मनातून त्याचे उपकार मानायच्या.

आणि आता हा मोजेवाला.

बाईंनी पडवीतल्या पडवीत ठरवून टाकलं. याला आवडता कामा नये.

आता या शाळेची एक तऱ्हा सांगायला हवी, कारण अशी शाळा दुसरीकडे कोणी बघितली नसेल. शाळा लाइनीच्या ऐन मधोमध. दोन्ही बाजूंनी कामगारांच्या खोल्या, भिंतीला भिंत. लढाईपायी फॅक्टरी दिवसरात्र चालायची. रात्रपाळीची माणसं सकाळी भोंग्याबरोबर घरी यायची, शिळं पाकं खायची आणि झोपायची. शाळा भरायची अकराला, म्हणजे त्यांची झोप नुकती लागलेली. आणि इकडे साठ पोरं घसा फोडून पाढे म्हणायची. पहिल्याच वर्षी अंबादास नावाच्या माणसाला यंत्रावर डुलकी लागली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी लाइनीचा पंच तुळशीराम चारपाच जणांना घेऊन शाळेत आला. म्हणाला, "बाई, शाळा चालवा नाहीतर बंद करा, पन आवाज नको. उद्या माझी बोटं जातील, तर पोरगी कोन पोसन? तुमचे बापूसाहेब?"

बापूसाहेब म्हणाले, "हो हो, अवश्य," आणि विसरून गेले.

बाई विसरल्या नाहीत. त्यांनी वर्गाचा आवाज काढून घेतला. एक बोट वर केलं की उभं राहायचं. पंजा खाली, बसायचं. मूठ वळली की उत्तर लिहून पाट्या वर. आणि पाढे नुसत्या ओठांनी. साठ पोरं ओठ हलवून सतराचा पाढा म्हणायची आणि आवाज म्हणून निघायचा तो बाहेर लिंबावर बसलेल्या कावळ्याचा. मागच्या रांगेतला कोणी सतरा सक चुकला तर बाईंना त्याच्या ओठांवरून कळायचं, आणि खडूचा तुकडा बरोबर त्याच्या कपाळावर बसायचा. जबलपुरातल्या बाकीच्या शाळांमधली कावकाव बाईंना ठाऊक होती. त्या मास्तरांविषयी त्यांचं मत असं होतं की ते वर्ग चालवत नाहीत, बाजार भरवतात. आपण जे करतो ते दुसऱ्या कोणाला जन्मात जमायचं नाही, याची त्यांना खात्री होती. दुसरं काही मिरवायला नव्हतंच त्यांच्याजवळ, म्हणून हे त्या अंमळ जास्तच मिरवायच्या, आपल्या आपल्याशी.

अच्युत मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसायला लागला. रोज सायकलवर यायचा. येताना दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारं भर अकरा वाजता बंद, बायका पडवीत बसून दबक्या आवाजात बोलतायत, कोणी भांडं आपटलं तर सासू तिच्यावर डोळे वटारतेय, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जायचं. जायचं ते सरळ निघून जायचं, आत काही उतरायचं नाही. बी.ए.ला डोळे वापरायचा विषय ठेवत नसावेत, असं बाईंना वाटलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो म्हणाला, "बाई, एक विचारू? राग मानू नका. मुलं बोलत का नाहीत?"

"शिस्त आहे," बाई म्हणाल्या.

एवढंच बोलल्या. एक वाक्य पुढे बोलल्या असत्या, बाबा रे, शेजारी माणसं झोपली आहेत, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्याने पुढे जे तोंड उघडलं, त्यामुळे ते वाक्य बाईंच्या घशातच राहिलं.

"शिस्त ठीक आहे," तो म्हणाला. "पण भीती वाईट. मी नव्या शिक्षणपद्धतीवर वाचलंय थोडंफार. मूल मोकळं बोललं पाहिजे. त्याचा आवाज म्हणजे त्याचं मन. तुमची मुलं मला जरा दबलेली वाटतात. तुमचा दोष नाही त्यात."

दोष नाही, हे मामाचं वाक्य भाच्यानेही उचललं होतं. घराणंच मोठं दिलदार. बाईंनी फळा पुसला, हात झटकले आणि त्यांना एकदम सुचलं. इतकं सोपं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही काय, जुनी खोडं. उद्या तुम्हीच घ्या वर्ग. पाढे घ्या. एकोणिसाचा राहिलाय."

त्याचा चेहरा असा उजळला की बाईंना ओशाळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना वाटलं, किती सोपा आहे हा गाढव.

दुसऱ्या दिवशी तो नवा सदरा आणि वर कोट घालून आला. कॉलेजात वक्तृत्वाचे दोन कप मिळाले आहेत हे बापूसाहेबांनी सांगितलं होतंच. त्याने टेबलामागून पुढे येऊन, एक हात कोटाच्या खिशात घालून, सुरुवात केली, "बालमित्रांनो." साठ पोरं दचकली. त्या खोलीत इतका मोठा माणसाचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. पहिल्या रांगेतल्या एकाने तर कानांवर हात ठेवले. अच्युतला वाटलं, प्रभाव पडतोय.

"आज आपण एकोणिसाचा पाढा म्हणणार. पण कसा? छाती भरून. खणखणीत. तुमचा आवाज फॅक्टरीपर्यंत गेला पाहिजे. म्हणा, एकोणीस एके एकोणीस."

साठ ओठ हलले. आवाज नाही.

"अरे, मोठ्याने. घाबरताय कोणाला?"

पोरांनी एकदम माना वळवून बाईंकडे बघितलं. बाई मागे त्याच्याच खुर्चीत बसून फाटलेल्या नकाशाला कापड शिवत होत्या. पोरांमध्ये तुळशीरामची नर्मदा होती. वर्गातली सगळ्यात हुशार, दोन घट्ट वेण्या, आणि स्वभाव असा की दुसऱ्याने चूक केली तर हिच्याच डोळ्यांत पाणी. ती उभीच राहिली. बाईंकडे बघत, भुवया वर करून, विचारत. म्हणू का? बाबा झोपलेत. म्हणू?

बाईंनी मान हलवली. "सर सांगतात तसं करा," त्या म्हणाल्या.

तेव्हा नर्मदा म्हणाली. आणि तिच्यामागून साठ जण म्हणाले. आवाज म्हणजे काय, दोन वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. पत्रा दणाणला. लिंबावरचा कावळा उडून गेला. पोरांना स्वतःचाच आवाज ऐकून चेव आला, बाकांवर मुठी आपटायला लागली, हसत हसत ओरडायला लागली. अच्युत हात उंचावून ताल देत होता, घामाघूम, तोंड पार लाल. इतका खूश माणूस बाईंनी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. एकोणिसाचा संपला तर पोरांनी न सांगता विसाचा सुरू केला.

विसाच्या मध्यावर तुळशीराम दारात उभा राहिला. उघडा, धोतर गुडघ्यावर, डोळे लाल, हातात दाराचा अडसर. त्याच्यामागे आणखी सहासात जण, काही बनियनवर, काही तोंडावर पाण्याचा हबका मारून आलेले. पोरांचा आवाज असा थांबला की पहिल्यापेक्षा जास्त शांत झालं.

"ये स्कूल है कि मेला?" तुळशीराम म्हणाला. मग त्याने बाईंना बघितलं आणि मराठीवर आला. "बाई, काय चालून राहिलं हे? मानसं रातभर उभं राहून मेली अन् तुमी इथं बँडबाजा लावला?"

बाई काही बोलायच्या आत अच्युत पुढे झाला. त्याला एव्हाना काहीतरी उमजायला लागलं होतं. दारातली माणसं, त्यांचे डोळे, ती बंद दारं. उशिरा का होईना, डोक्यात उजेड पडला. "आवाज मी करायला लावला," तो म्हणाला.

"तुमी कोन?"

"नवीन मास्तर."

"बाईनं सांगतलं नाही तुमाले, इथं रात्रपाळीची मानसं झोपतात म्हून?"

अच्युतने बाईंकडे बघितलं. बाईंनी सुई कापडात खुपसून ठेवली. आता हा म्हणेल, नाही सांगितलं. म्हणू दे. मी म्हणेन, सांगितलं होतं. बी.ए.चा शब्द नि सातवीचा शब्द, पण लाइनीतली माणसं मला दोन वर्षं ओळखतात. सगळा हिशेब बाईंनी रात्रीच करून ठेवला होता.

"सांगितलं होतं," अच्युत म्हणाला. "मीच विसरलो."

तुळशीरामचा हात अडसरावर आवळला गेला. पण समोर कोट होता, बूट होते, सिविल लाइंस होती. त्याच्यावर उचलायला हात धजेना. पण आवळलेला हात नुसता सैल कसा सोडायचा? पुढच्या रांगेत नर्मदा उभीच होती. त्याने अडसर डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने पोरीच्या फाडकन थोबाडीत दिली. "तुले तर मालूम होतं ना. तुले तर मालूम होतं."

साहेबाचा राग पोरीवर. मोठा पंच लाइनीचा. बाईंनी मनातल्या मनात त्याला शेलक्या शिव्या घातल्या. पण नर्मदा रडली नाही, आणि बापाकडे बघितलंही नाही. ती गालावर हात ठेवून बाईंकडे बघत होती. मघासारखंच, भुवया वर करून. बाईंनी नकाशा उचलला आणि शिवायला घेतला. टाके सगळे वाकडे आले, ते त्यांनी मग संध्याकाळी उसवले.

शाळा सुटल्यावर त्यांनी अच्युतला गाठलंच. "खोटं काहून बोलले तुम्ही?"

तो सायकलची साखळी बसवत होता. "मामा म्हणत होते, तुमचं दुसरं कोणी नाही. तुमची नोकरी जाईल असं वाटलं." मग वर बघून म्हणाला, "जाऊ द्या बाई. तुमच्या मनात आलं असेल काही. मी समजू शकतो."

समजू शकतो. बाईंना सत्यभामा परवडली असती. आमच्याकडे असतात, म्हणणारी. तिच्या म्हणण्यात निदान दया नव्हती. हा काल मिसरूड फुटलेला, मोज्यांना पट्टे लावणारा पोरटा त्यांना समजून घेत होता, आणि वर क्षमाही करत होता, आणि त्याबद्दल त्याला काही मोठंसं वाटतही नव्हतं. बाई खोलीत गेल्या, कडी लावली. कडी लावूनही आत कोणीतरी बसल्यासारखं वाटत राहिलं. स्वयंपाक त्यांनी केला नाही.

रविवारी पडवीत बैठक बसली. बापूसाहेब खुर्चीवर, तुळशीराम आणि दोघे जण बाकावर, बाई दाराशी उभ्या, अच्युत खांबाला टेकून. तुळशीराम आज अंघोळ करून, टोपी घालून आला होता. पुन्हा असं झालं तर लाइनीची मंडळी शाळेला कुलूप लावतील, असं त्याने सांगितलं. बापूसाहेबांनी मान डोलावली, जशी ते सगळ्यालाच डोलावायचे.

"चूक आमच्या मुलाची आहे, मी कबूल करतो," ते म्हणाले. "त्याला बाईंनी सांगितलं होतं, तो विसरला. तरुण रक्त. तेव्हा अच्युत, मला वाटतं, हे तुझं क्षेत्र नव्हे. मी तुला कचेरीत कुठेतरी..."

"मामा, मला हेच करायचंय," अच्युत म्हणाला. "त्या दिवशी मुलं पाढा म्हणत होती ना, तेव्हाच माझं ठरलं. पण तुम्ही नको म्हणत असाल तर..."

"नकोच," बापूसाहेब म्हणाले. "बाई आहेत तशा राहू देत."

झालं होतं. वर्ग राहिला, खोली राहिली. बाईंनी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं, आणि तोंड मिटून उभं राहण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी खांबाकडे बघितलं. अच्युत त्यांच्याकडे बघून हसला. किंचित, कोणाला दिसू नये असं. काळजी करू नका, असं.

"खोटं बोलतोय तो," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी त्याला काही सांगितलं नव्हतं. पोरांनाही मीच मान हलवली. नर्मदेने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."

बापूसाहेबांना ते कळायला वेळ लागला. "पण का, बाई?"

"याची फजिती व्हावी म्हणून. याने पळून जावं म्हणून." मग त्या अच्युतकडे वळल्या. "आणि मला कोणाचे उपकार नकोत. तुमचे तर मुळीच नकोत."

एवढं बोलून त्यांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलं. ते सुख फार टिकलं नाही. तुळशीराम बाकावरून उठला, त्याने टोपी काढून हातात घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी पोरीले मारलं. तुमच्यापायी मी पोरीले मारलं." बाईंना त्याला तोंडावर सांगायचं होतं, की हात तुझा होता. पण तो दोघांना घेऊन पडवी उतरून गेला. जाताना बापूसाहेबांना म्हणाला, "मास्तर कोन बी ठेवा. आमाले आवाज नको, बस."

बापूसाहेबांना तर ताट वाढून मिळालं. ग्रँट मिळणार, भाचा लागणार, आणि वर विधवेवर अन्याय केला असं कोणी म्हणणार नाही, बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्यांनी फार दुःखी चेहरा केला. "दिवाळीपर्यंत थांबण्यात आता अर्थ नाही," ते म्हणाले. "आठवड्याने खोली मोकळी करा. मी विष्णूला निरोप देतो."

आणि अच्युत? बाईंना वाटलं होतं, तो म्हणेल, असं असेल तर मला नको हा वर्ग. त्यांनी त्यासाठी एक खरमरीत उत्तरही मनात तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, "मी मामांना समजावून बघतो." त्याने समजावलंही असेल, सिविल लाइंसपर्यंतच्या रस्त्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाईंच्या दाराशी उभा राहिला, खालमानेने. मोजे नव्हते पायात.

"बाई, मामा ऐकत नाहीत. आणि मला हा वर्ग पाहिजे, हेही खरं. पण मोठ्याने बोलायचं नाही, मग शिकवायचं कसं? त्या तुमच्या खुणा... मला शिकवाल?"

बाईंनी त्याला आपादमस्तक बघून घेतलं. मूल मोकळं बोललं पाहिजे. त्याचा आवाज म्हणजे त्याचं मन. कुठे गेलं ते सगळं? चार दिवस नाही टिकलं. ज्या गोष्टीला भीती म्हणून नाक मुरडलं, तीच आता ओंजळ पसरून मागायला आला. सगळे एका माळेचे मणी मेले, मामा काय, भाचा काय.

"या आत," त्या म्हणाल्या.

शिकवलं त्यांनी. आठवडाभर, शाळा सुटल्यावर. कारण साठ पोरं उद्या या ठोंब्याच्या हाती जाणार होती आणि पोरांनी कोणाचं घोडं मारलं होतं? हे बोट नव्हे, हे. असं वर करतात का, माशी हाकलताय का? पंजा सरळ. ओठ बघा, ओठ, भिंतीकडे काय बघताय, तुमचं नाव लिहिलंय का तिथे? एका खुणेमागे दहा टोमणे असा त्यांचा भाव होता. तो सगळं ऐकून घ्यायचा. बाईंचा अंदाज होता की याला हे वर्ष-सहा महिने जमायचं नाही. त्यांना स्वतःला ते बसवायला एक आख्खा हिवाळा लागला होता. याने वर्ग घालवला की मंडळाला पुन्हा कोणाची आठवण होईल, हेही त्यांनी मनात धरलं नव्हतं असं नाही.

जायच्या दिवशी ट्रंक टांग्यावर चढवून त्या शाळेच्या दाराशी गेल्या. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावतोय.

अच्युत फळ्यापाशी उभा होता. खडूच्या हाताने त्याने ओठांवर बोट टेकवलं आणि पोरांनी अठराचा पाढा सुरू केला. साठ ओठ, एका चालीत. मागच्या रांगेत एक पोरगा अठरा सातेला अडखळला. बाईंनी तो बघितला आणि त्याच क्षणी अच्युतच्या हातातून खडूचा तुकडा सुटला. कपाळावर नाही, कानावर बसला. पण पोरगा तोच होता. वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या खोलीतून कोणाचं तरी घोरणं ऐकू येत होतं.

बाईंना राहवलं नाही. शेवटचं म्हणून, दारातून त्यांनी एक बोट वर केलं. उभे राहा.

एकही पोर उठलं नाही. पोरांनी बोट बघितलं, नाही असं नाही. बघितलं, आणि मग सगळ्यांनी माना वळवून अच्युतकडे बघितलं. पहिल्यांदा वळली ती नर्मदा. उठू का, म्हणून तिने भुवया वर केल्या. अच्युतने बाईंकडे बघून नम्रपणे नमस्कार केला आणि पोरांकडे वळून बोट वर केलं. तेव्हा सगळी उभी राहिली, सरळ, आवाज न करता, बाईंनी शिकवल्यासारखी.

आठवडा. फक्त एका आठवड्यात. बाईंनी त्याला घालायला एक सणसणीत शिवी शोधली. ठोंब्या, गाढव, मोजेवाला, सगळ्या आठवून बघितल्या. त्याला एकही लागू होईना. मग दुसऱ्या कोणासाठी शोधल्या, बापूसाहेबांसाठी, तुळशीरामसाठी, तर त्याही तोंडातून निघेनात. टांगेवाल्याने हाक मारली, "चलो बाईजी, ओमती जाना है कि नहीं?" बाई म्हणाल्या, "चलो."